व्हिटसंडे : एका शब्दाचा सांधा



ज्या शब्दावर हे व्याख्यान आहे, तो आपल्यापैकी फार थोड्यांनी कधी उच्चारला असेल. व्हिटसंडे. ख्रिस्ती वर्षातला हा एक सण. ईस्टरचा रविवार धरून मोजत गेले की पन्नासाव्या दिवशी तो येतो, म्हणून त्याला ग्रीकवरून आलेले नाव पेन्टेकॉस्ट, म्हणजे पन्नासावा. येशूच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तो हा दिवस, अशी श्रद्धा आहे. ग्रीक नाव जगभर चालते. व्हिटसंडे हे मात्र इंग्रजांचे घरचे नाव, आणि ते हजार वर्षांच्या आसपास जुने आहे. साहेबाच्या छावण्या जिथे जिथे होत्या तिथल्या चर्चांतून १६६२ ची इंग्रजी प्रार्थनापुस्तिका वाचली जाई. आपला बेळगावचा कॅम्प त्यातलाच. त्या पुस्तिकेत हा शब्द आहे.

साखरेच्या गोळ्या देणाऱ्या माणसाने याची उठाठेव का करावी, असे कुणी विचारील. माझ्या पदवीचा शब्दच मला या वाटेला घेऊन आला. हॅनेमानने ग्रीकमधून दोन तुकडे घेतले, ‘होमिओ’ म्हणजे सारखे आणि ‘पथी’ म्हणजे व्यथा, आणि शब्द जुळवला. अर्थाचा सांधा या दोन तुकड्यांच्या मध्ये आहे. पण इंग्रज माणूस हा शब्द बोलतो तेव्हा तो हो-मि-ऑ-प-थी असा तुटतो आणि जोर मधल्या ‘ऑ’वर पडतो. म्हणजे अर्थाच्या सांध्यावरचा स्वरच सगळ्यांत ठळक होतो आणि सांधा दिसेनासा होतो. तोच इंग्रज होमिओपथीच्या डॉक्टरविषयी बोलू लागला की जोर उडी मारून पहिल्या ‘हो’वर जातो. शब्दाला दोन प्रकारचे सांधे असतात, एक अर्थाचा आणि एक उच्चाराचा, आणि ते एकाच जागी असतील असे नाही. ही गोष्ट व्हिटसंडेइतकी स्पष्ट मला दुसऱ्या कुठल्या शब्दात दिसलेली नाही.

एक शब्द ठरवून घेऊ. व्याकरणात उच्चाराच्या एका झटक्याला अक्षर म्हणतात, आणि आपण लिपीतल्या चिन्हालाही अक्षरच म्हणतो. गोंधळ नको म्हणून उच्चाराच्या तुकड्याला मी उच्चारखंड म्हणेन. आपल्या लिपीत जोडाक्षर सगळेच्या सगळे पुढच्या स्वराला चिकटते. ‘पुस्तक’ आपण लिहितो पु-स्त-क, पण बोलतो पुस्-तक. म्हणून देवनागरीत शिकलेला माणूस अनोळखी शब्द फोडायला बसला की डोळ्याने फोडतो. तो कानाने फोडला पाहिजे.

तर व्हिटसंडे कुठे फोडायचा? ‘व्हिट’ आणि ‘संडे’, की ‘व्हिटसन’ आणि ‘डे’?

पहिले उत्तर मुळाला धरून आहे. जुन्या इंग्रजीत ‘ह्वीत’ म्हणजे पांढरा, आणि ‘सुन्नन्-दॅय’ म्हणजे सूर्याचा दिवस, रविवार. पांढरा रविवार. नव्याने बाप्तिस्मा घेणारे लोक त्या दिवशी पांढरी वस्त्रे नेसत, त्यावरून हे नाव पडले असे मानतात. उत्तरेच्या थंड मुलखात ईस्टरपेक्षा उशिरा येणारा हा सण पाण्यात उतरायला बराही असणार. गंमत अशी की चर्चमध्ये या सणाचा ठरलेला रंग लाल आहे, अग्नीच्या जिभांचा. नाव पांढऱ्याचे आणि पडदे लाल. पण नावाबद्दल शंका नको. शेजारच्या भाषा साक्ष देतात. आइसलँडची भाषा या दिवसाला आजही ‘ह्वीता-सुन्नु-दागुर’ म्हणते. वेल्श भाषेत तो ‘सुलग्विन’ आहे, ‘सुल’ म्हणजे रविवार आणि ‘ग्विन’ म्हणजे पांढरा. तिन्हीकडे पांढरा रविवारच.

मग ‘व्हाइट’चा ‘व्हिट’ कसा झाला? या व्याख्यानाचा गाभा इथे आहे, म्हणून जरा थांबून पाहू.

छंदशास्त्र शाळेत थोडे तरी शिकलेल्यांना आठवेल की ऱ्हस्व स्वरापुढे जोडाक्षर आले की तो ऱ्हस्व असूनही गुरू मोजतात, दोन मात्रांचा. कारण पुढच्या जोडाक्षरातले पहिले व्यंजन त्याच्याच पदरात पडते. दीर्घ स्वर मुळातच दोन मात्रांचा. आता दीर्घ स्वर आणि त्याच्यापुढे आणखी जोडव्यंजनाचे ओझे, असे झाले तर तो खंड अति जड होतो. जीभ हे ओझे फार काळ वाहत नाही. ती स्वर आखडते आणि हिशेब पुन्हा दोन मात्रांवर आणते.

आमच्या प्राकृतात हेच झाले. संस्कृत ‘मार्ग’चा प्राकृतात ‘मग्ग’ होतो, ‘माग्ग’ होत नाही. ‘रात्रि’ची ‘रत्ति’, ‘कार्य’चे ‘कज्ज’, ‘सूत्र’चे ‘सुत्त’, ‘दीर्घ’चे ‘दिग्घ’. ‘तीर्थ’चे ‘तित्थ’, आणि त्यावरून तीर्थंकराचा ‘तित्थयर’. जैन घरांत सकाळी जी प्राकृत सूत्रे म्हटली जातात ती म्हणणाऱ्या आजीला हा नियम कुणी शिकवलेला नसतो, पण तिच्या जिभेवर तो असतो. पुढे मराठी झाली तेव्हा उलटा व्यवहार झाला. जोडव्यंजनातले एक गळाले आणि त्याची भरपाई म्हणून स्वर पुन्हा लांबला. मग्गचा माग, रत्तिची रात, सत्तचे सात, हत्थचा हात, दुद्धचे दूध. मात्रा एका खिशातून दुसऱ्या खिशात गेली, इतकेच.

इंग्रजांच्या जिभेनेही साधारण अकराव्या शतकाच्या सुमारास हाच हिशेब केला. प्राकृताचा आणि त्यांचा काही संबंध नाही. घसा आणि जीभ मात्र सगळ्यांची सारखीच. ‘ह्वीत’मधला ‘त’ आणि ‘सुन्नन्’मधला ‘स’ एकापुढे एक आले, दोन व्यंजनांचे ओझे झाले, आणि ‘ह्वी’ आखडून ‘ह्वि’ झाला. सुटा ‘ह्वीत’ दीर्घच राहिला. पुढे पंधराव्या ते सतराव्या शतकांत इंग्रजीतले सगळे दीर्घ स्वर जागा सोडून सरकले, ‘ई’चा ‘आइ’ झाला आणि सुटा शब्द ‘व्हाइट’ बनला. सणाच्या नावातला स्वर आधीच ऱ्हस्व झालेला होता, म्हणून तो या सरकण्यातून सुटला. बाप आणि मुलगा दोन वेगळ्या गावांना गेले, आणि पुढच्या पिढीला ते नात्यातले आहेत हेही कळेना.

असे शब्द इंग्रजीत पुष्कळ आहेत, तुम्ही रोज वापरता. ‘वाइज’ आणि ‘विझ्डम’. ‘फाइव्ह’ आणि ‘फिफ्टी’. ‘व्हाइन’ आणि ‘व्हिनयर्ड’. ‘बोन’ म्हणजे हाड, त्याची ‘बॉनफायर’. ‘हाउस’मधूनच ‘हजबंड’ आला, घरधनी. धर्माच्या शब्दांत तर ही रांगच आहे. ‘क्राइस्ट’, पण ‘क्रिसमस’. १ ऑगस्टचा ‘लॅमस’, म्हणजे ‘लोफ’ची, पावाची मिस्सा, नव्या गव्हाच्या पहिल्या पावाची. ‘होली’, पण ‘हॉलिडे’. इथे जोडव्यंजन नाही, तीन खंडांच्या शब्दात पहिला स्वर आखडला आहे. शाळेत ‘होलीडे’ म्हणणाऱ्या पोराला आपण हसतो, पण ते पोर बिचारे मुळाशी इमान राखून असते.

यातला सगळ्यांत बोलका शब्द ‘गॉस्पेल’. मूळ ‘गोद-स्पेल’, दीर्घ ‘गो’, म्हणजे ‘गुड’, चांगली. ‘स्पेल’ म्हणजे वार्ता. शुभवर्तमान. स्वर ऱ्हस्व झाल्यावर तो ‘गॉड’सारखा ऐकू येऊ लागला आणि लोक ‘देवाची वार्ता’ असा अर्थ करू लागले. इंग्लंडहून धर्मोपदेशक जर्मन प्रदेशात आणि पुढे आइसलँडकडे गेले, तेव्हा तिथल्या भाषांनी हा शब्द ‘देव’ या अर्थानेच उचलला. एक मात्रा कमी झाली आणि अर्थ बदलून परदेशात स्थायिकही झाला.

व्हिटसंडेच्या बाबतीत हेच दोन दिशांनी घडले. ‘व्हिट’ म्हणजे पांढरा हे विसरल्यावर रिकाम्या जागी काहीतरी बसवणे भाग होते. चौदाव्या शतकाच्या अखेरीस श्रॉपशरमधल्या जॉन मर्क नावाच्या धर्मगुरूने साध्या पाद्र्यांसाठी प्रवचनांचे ‘फेस्टियल’ नावाचे पुस्तक लिहिले. त्यात तो सांगतो की या दिवशी शिष्यांना ‘विट’ मिळाली, म्हणजे बुद्धी, म्हणून हा ‘विट’चा रविवार. व्युत्पत्ती म्हणून हे चूक आहे. प्रवचन म्हणून मला ते आवडते. समोर बसलेल्या शेतकऱ्याला त्या दिवसाचा अर्थ त्याने शब्दातूनच काढून दिला.

दुसरी दिशा सांध्याची. संडे हा रोजचा शब्द, पण तो ‘व्हिट’ला इतका चिकटला की लोकांच्या कानाला शेवटचा ‘डे’ तेवढा सुटा वाटू लागला. ‘डे’ काढला, खाली उरले ‘व्हिटसन’. असा शब्द भाषेत कधी नव्हता. अर्धा पांढरा आणि अर्धा सूर्य एवढाच तो ऐवज. पण एकदा सुटल्यावर तो कामाला लागला. ‘व्हिटसनटाइड’ म्हणजे त्या सणाचे दिवस (यातला ‘टाइड’ म्हणजे समुद्राची भरती नव्हे, तो काळ या अर्थाचा जुना शब्द). प्रार्थनापुस्तिकेत ‘व्हिटसन आठवड्यातला सोमवार’ आहे. फिलिप लार्किनच्या १९६४ च्या गाजलेल्या संग्रहाच्या नावातही ‘व्हिटसन’च आहे. दुसरीकडे पहिल्या सांध्याने फोडणारेही होते, त्यांचा ‘व्हिट मंडे’ झाला. एकाच दिवसाला ‘व्हिट मंडे’ आणि ‘व्हिटसन मंडे’ अशी दोन नावे चालली आणि कुणाचे अडले नाही.

अडले विद्वानांचे. जर्मन भाषेत पेन्टेकॉस्टला ‘फिंग्स्टेन’ म्हणतात, तो ग्रीक शब्दाचाच अपभ्रंश. एकोणिसाव्या शतकात काहींनी मत मांडले की ‘व्हिटसन’ हे ‘फिंग्स्टेन’चेच बिघडलेले रूप. दिसायला बरे दिसते. पण त्यासाठी सांधा ‘व्हिटसन’ आणि ‘डे’ यांच्यात मानावा लागतो, आणि तो तिथे नव्हता. तो पुढे लोकांनी पाडलेला. केंब्रिजच्या स्कीटने आपल्या व्युत्पत्तिकोशात या मताची चांगलीच झाडाझडती घेतली. शब्द चुकीच्या जागी कापला की निदानही चुकीचे येते. आमच्या व्यवसायात वेगळे काही नसते.

आता उच्चार. तुम्हाला मोठ्याने म्हणून पाहायला सांगतो, शेजारी कुणी नसेल तर बरे. ब्रिटिश माणूस व्हिटसंडे म्हणताना जोर ‘सन्’वर देतो : विट-सन्-डे. रविवार शाबूत आहे, सूर्य स्वच्छ दिसतो. ‘व्हिटसन’ किंवा ‘व्हिटसनटाइड’ म्हणताना मात्र जोर पहिल्या ‘विट’वर जातो आणि मधला ‘सन’ इतका मिटतो की ‘विट्स्न’ एवढेच ऐकू येते. सांधा बदलल्याबरोबर सूर्य मावळतो. आपण मराठी माणसे तिन्ही खंड सारख्या वजनाने म्हणतो, कारण मराठीत जोराने अर्थ बदलत नाही. त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण इंग्रजीचे कोडे जोरातच आहे, हे माहीत असावे.

आणि ते ‘व्ह’. जुने इंग्रज ‘ह्व’ म्हणत, आधी ‘ह’, मग ‘व’. नॉर्मन राजवटीनंतरच्या लेखनिकांनी लिहिताना ही दोन चिन्हे उलटी केली. बहुतेक इंग्रजांनी पुढे ‘ह’ सोडूनच दिला, स्कॉटलंडने बराचसा ठेवला. आपण ‘आह्वान’चे ‘आव्हान’ केले तेव्हा हीच उलथापालथ बोलण्यातही केली आणि वर दोन रूपांना दोन अर्थ वाटून दिले, एक बोलावणे आणि एक ललकार. ती चूक आहे असे म्हणणारे शुद्धलेखनाचे शिक्षक अजून आहेत. मला ती भाषेची काटकसर वाटते.

मराठीतही जोडशब्दाचे पहिले अंग आखडतेच. ‘तीळ’ आणि ‘गूळ’ मिळून तिळगूळ होतो. ‘फूल’ची फुलबाग होते, ‘मीठ’चे मिठागर. कारण थोडे वेगळे आहे, शब्दाचे वजन शेवटाकडे सरकते म्हणून, पण संक्रांतीला तिळगूळ वाटताना सणाच्या शब्दाचे काय होते याचा नमुना तळहातावर असतो.

सांधा सरकल्याचा नमुना मात्र मला माझ्या घरातच आहे. पर्युषणाच्या शेवटी जैन लोक एकमेकांना ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणतात. हे तीन शब्द आहेत : मिच्छा, मि, दुक्कडं. संस्कृतात ‘मिथ्या मे दुष्कृतम्’, माझे दुष्कृत्य निष्फळ होवो. मधला ‘मि’ म्हणजे ‘माझे’. पण तो ‘मिच्छा’ला चिकटला, आणि ‘इच्छामि’, ‘खमामि’ यांच्या शेजारी ठेवल्यावर ‘मिच्छामि’ हे क्रियापदासारखे वाटू लागले, जणू ‘मी क्षमा मागतो’. शुभेच्छापत्रांवर तसाच अर्थ छापतात. आमच्या दिगंबर प्रतिक्रमणात ‘मिच्छा मे दुक्कडं’ असे म्हणतात, तिथे ‘मे’ वेगळा ऐकू येतो आणि सांधा शाबूत राहतो. माझे मत असे की पाठ शिकवणाऱ्याने तीन शब्द तीन म्हणूनच शिकवावेत. पण रस्त्यात भेटलेला माणूस हात जोडून एका दमात ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणाला, तर त्याच्या क्षमेत काही उणे राहिले असे मी म्हणणार नाही.

शब्दाच्या सांध्यावर एवढा वेळ घालवावा का? इंग्लंडमध्ये यापेक्षा मोठी किंमत मोजली गेली, आणि तीही याच सणाला. पूजेची भाषा लॅटिन सोडून इंग्रजी करणारी पहिली प्रार्थनापुस्तिका सक्तीने लागू झाली ती ९ जून १५४९ रोजी, व्हिटसंडेला. दुसऱ्याच दिवशी, व्हिट मंडेला, डेव्हनमधल्या सॅम्पफर्ड कोर्टनी या गावच्या लोकांनी आपल्या पाद्र्याला जुनीच लॅटिन मिस्सा म्हणायला लावले. बंड पसरले, शेजारचा कॉर्नवॉल त्यात होताच. कॉर्नवॉलच्या लोकांनी मागण्यांमध्ये लिहून दिले की आमच्यातल्या काहींना इंग्रजी समजतच नाही, ही नवी इंग्रजी पूजा आम्हाला नको. ऑगस्टपर्यंत बंड मोडले, हजारो माणसे मारली गेली. कॉर्निश भाषेत पूजापुस्तक कुणी दिले नाही, आणि पुढच्या दोन-अडीच शतकांत ती भाषा बोलण्यातून गेली. राजधानीने ठरवलेली भाषा आणि कडेला राहणाऱ्यांची भाषा, हा प्रश्न सीमाभागातल्या वाचकाला मी समजावून सांगावा असे नाही.

मी शालेय वक्तृत्व स्पर्धांना परीक्षक म्हणून बसलो आहे. गुणपत्रिकेत ‘उच्चार’ असा रकाना असतो. एकदा सोबतच्या परीक्षकांनी एका मुलीचे त्या रकान्यातले बहुतेक गुण कापले, कारण भाषणातल्या संवादात ती ‘काय करायलायस’ म्हणाली. त्यांच्या मते ते अशुद्ध. या रूपात ‘करायला’ही आहे आणि ‘आहेस’ही, सांधा तेवढा बुजला आहे. असा सांधा बुजला तो इंग्रजांच्या सणात, तर त्याला कोशात जागा मिळते आणि आपण त्याचा जोर पाठ करतो. आपल्या गल्लीत बुजला तर गुण जातात. मी माझे गुण पूर्ण दिले आणि शेऱ्यात कारण लिहिले. त्या मुलीला बक्षीस मिळाले नाही.

मूळ माहीत असणे आणि मुळावरून बोलणाऱ्याला चूक ठरवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हिटसंडेला कुणी मुळाला धरून ‘व्हाइट संडे’ म्हणू लागला तर त्याला इंग्लंडात कुणी शुद्ध म्हणणार नाही.

आता त्या शब्दाची आजची हालत. १८७१ च्या कायद्याने इंग्लंडात व्हिट मंडेला बँकांची सुटी मिळाली होती. पण हा सण ईस्टरबरोबर पुढेमागे सरकतो, ते व्यवहाराला गैरसोयीचे, म्हणून १९७१ च्या कायद्याने ती सुटी मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी पक्की केली आणि तिला वसंताची सुटी म्हटले. पंचांगातून दिवस गेला की शब्दाचा आधार जातो. चर्चमध्येही आता पेन्टेकॉस्ट हेच नाव अधिक चालते. तरी मँचेस्टरकडे व्हिटच्या मिरवणुका निघतात आणि त्यात लहान मुली पांढरे झगे घालतात. ‘व्हिट’ म्हणजे पांढरा हे शब्द विसरला, शिंपी विसरला नाही. सॅडलवर्थच्या खेड्यांत व्हिट फ्रायडेला बँडांच्या स्पर्धा होतात. आणि ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर व्हिटसंडे बेटे आहेत. कॅप्टन कुक ३ जून १७७० रोजी त्या खाडीतून गेला, जहाजाच्या रोजनिशीप्रमाणे तो व्हिटसंडे होता. पृथ्वीला पश्चिमेकडून वळसा घालताना एक दिवस जास्त मोजायचा राहिला होता, म्हणून त्या बेटांवर खरे तर सोमवार उजाडला होता. बेटांचे नाव व्हिट मंडे असायला हवे होते. ते आता कोण बदलणार?

या पुस्तिकेची मुद्रिते तपासणाऱ्यांनी मला विचारले की ओळ संपताना हा लांब शब्द तोडावा लागला तर कुठे तोडायचा. मी त्यांना लिहून दिले आहे : ‘व्हिटसंडे’ असेल तर ‘व्हिट’नंतर, आणि ‘व्हिटसनटाइड’ असेल तर ‘व्हिटसन’नंतर.